संगणकाचे मेस्त्री कोठून आणावयाचे?

(ज्ञातिसंघाच्या रत्नागिरी येथील वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस जो विषय नेमून दिला, तो ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. वाकस आणि रंधा ज्यांच्या घराण्यांत पिढ्यान्पिढ्या चालला, त्या सुतारमेस्त्रींच्या मेळाव्यात संगणकाच्या कसबी माणसांच्या टंचाईची चर्चा कशाला? आम्हांला मात्र ती येथेच व्हावी असे वाटते. ही टंचाई मुळात यंत्राची नसून कारागिराची आहे; आणि कारागीर कसा घडतो हे ज्यांना नव्याने सांगावे लागत नाही, अशी या जिल्ह्यात जी थोडी घरे उरली आहेत त्यांतील पुष्कळशी या मंडपात बसलेली आहेत.

रत्नागिरीत आज संगणकावाचून जिचे चालते अशी संस्था शोधूनच काढावी लागेल. पतपेढीचे व्याज, शाळेचे दाखले, रुग्णालयाची नोंद, बागायतदाराचे निर्यातीचे कागद, सारे त्याच्या पोटात गेले आहे. खेड्यातील विकास सोसायटीही यातून सुटलेली नाही. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. जो गटसचिव कालपर्यंत खतावणी बगलेत मारून दोन-तीन गावे फिरत होता, त्याच्या पुढ्यात यंत्र येऊन बसले. यंत्र येण्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु यंत्राबरोबर ते सांभाळणारा मनुष्य खोक्यातून निघत नाही, ही गोष्ट योजना आखणाऱ्यांच्या आणि ती स्वीकारणाऱ्यांच्याही ध्यानात उशिरा येते.

"माणूसच मिळत नाही हो!" हे वाक्य आम्ही गेल्या काही वर्षांत इतक्या चालकमंडळांच्या तोंडून ऐकले आहे की त्याचा अर्थ काय, हे एकदा नीट तपासावयास हवे. जाहिरात दिली की अर्ज येतात, चांगले शेकड्यांनी येतात, आणि त्यांतील बहुतेकांना प्रमाणपत्रही जोडलेले असते. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने 'एम.एस.-सी.आय.टी.' हा अभ्यासक्रम गावोगाव नेला. सरकारी नोकरीसाठी तो आवश्यक ठरल्यामुळे घरटी एक तरी प्रमाणपत्र भिंतीवर लागले. या कार्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. ज्या मुलीने आयुष्यात टंकलेखनाचे यंत्र पाहिले नव्हते ती त्यामुळे संगणकापुढे धीटपणे बसू लागली. परंतु ही झाली साक्षरता. मुळाक्षरे आली म्हणून कोणी खरेदीखत लिहावयास बसत नाही. संस्थेला जो मनुष्य हवा असतो तो निराळा असतो: रात्री बंद पडलेली यंत्रणा सकाळी दार उघडण्यापूर्वी उभी करणारा, माहितीची दुसरी प्रत रोज निघते की नाही हे पाहणारा, आणि आलेले एखादे पत्र खऱ्या बँकेचे की चोराचे हे ओळखणारा. असा मनुष्य तीन महिन्यांच्या वर्गातून तयार होत नाही, आणि खरे पाहता चार वर्षांच्या पदवीतूनही पुरता होत नाही.

येथे एक उदाहरण सांगतो. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण ती एकटी नाही. या जिल्ह्यातील एका पतपेढीत एक तरुण संगणकाचे सर्व काम पाहत असे. हिशेबाची प्रणाली बसविणाऱ्या कंपनीशी तोच बोले, यंत्रे तोच दुरुस्त करी, सर्व परवलीचे शब्द त्याच्याच डोक्यात. पाच वर्षे तो हंगामी नोकर होता. पगार कारकुनाइतका आणि हुद्दा काहीच नाही. त्याने दोनदा अर्ज करून कायम करण्याची विनंती केली. चालकांनी ती पुढील सभेवर ढकलली. मग पुण्याहून त्याला तिपटीने पगार देणारे बोलावणे आले आणि तो रीतसर महिन्याची सूचना देऊन गेला. पुढे दोन महिन्यांनी, ऐन मार्चअखेरीस, मुख्य यंत्राची तबकडी निकामी झाली. दुसरी प्रत काढून ठेवलेली होती. परंतु ती उघडून पाहण्याचे कोणाच्या मनात कधी आले नव्हते, आणि आता उघडू जाता तिच्यात शेवटच्या सात आठवड्यांची नोंदच नव्हती. बारा दिवस त्या पेढीच्या खिडकीवर ठेवीदार उभे होते. त्यांत मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी मुदतीची ठेव मोडावयास आलेली एक वृद्ध बाई होती. तिच्या हातात पावती होती, चालकांची दानत शुद्ध होती, तिजोरीत पैसाही होता. आणि तरीही तिला दोन दिवस परत जावे लागले, कारण तिच्या खात्यावर व्याज किती हे सांगणारा कोणी नव्हता. शेवटी चिटणिसांनी स्वतःच्या जबाबदारीवर तिला मुद्दल दिले. मग मुंबईहून माणसे आणून, कागदी चिठ्ठ्यांवरून सात आठवड्यांची नोंद पुन्हा करून घ्यावी लागली. त्याला आलेल्या खर्चात त्या तरुणाचा वाढीव पगार काही वर्षे सहज निघाला असता.

त्या तरुणाला कृतघ्न म्हणणारे लोक आम्ही नंतर पाहिले. आम्हांला त्यात कृतघ्नपणा यत्किंचितही दिसत नाही.

हा झाला दैवाचा घाला. चोराचा घाला याहून वाईट असतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत जो हल्ला झाला, त्यात सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील यंत्रांतून पैसा काढला गेला आणि मागाहून सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यात वळविले गेले. ही शंभरी ओलांडलेली मोठी सहकारी बँक. तिच्यापाशी माणसेही होती. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१९ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी त्यांच्या व्यवहाराच्या व्याप्तीप्रमाणे सुरक्षेच्या चार पायऱ्या ठरवून दिल्या. पतपेढ्या रिझर्व्ह बँकेच्या अधिकारात येत नाहीत, म्हणून आमच्या काही मित्रांना हायसे वाटते. चोर मात्र रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक वाचून घर निवडीत नाही!

कोणी म्हणेल, आम्ही हे सगळे काम बाहेरच्या कंपनीवर सोपविले आहे, आम्हांला घरचा कसबी मनुष्य कशाला? ३१ जुलै २०२४ रोजी काय झाले ते यांनी आठवावे. लहान बँकांना संगणकसेवा पुरविणाऱ्या सी-एज या कंपनीच्या यंत्रणेत खंडणीखोर शिरले. संसर्ग पसरू नये म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने ती यंत्रणा तोडून ठेवली, आणि देशातील सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे ग्राहक तेवढा वेळ पैसे पाठवू शकले नाहीत. सेवा परत सुरू झाली, हे खरे. पण त्या अवधीत ग्राहकाला नेमके काय झाले आहे, कोणता व्यवहार अडकला आहे, हे समजावून सांगण्याइतके ज्ञान किती शाखांत होते? एप्रिल २०२२ मध्ये असा नियम काढण्यात आला की अशी घटना कळल्यापासून सहा तासांच्या आत केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या यंत्रणेला कळवावी. नियम योग्य आहे. परंतु घटना घडली हे ओळखणारेच कोणी नसेल तर सहा तास मोजावयाचे कोठून?

आता प्रश्न असा की आमची मुले गेली कोठे. या जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. गिरणीत एक, बोटीवर एक आणि गावी म्हातारी अशी आमच्या घरांची विभागणी पूर्वापार होती. घरे मनीऑर्डरीवर चालत. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा तो आधार ढासळला, तरी पावले मुंबईकडेच वळत राहिली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली तेव्हा आम्ही सर्वांनी स्टेशनावर हार घातले आणि म्हटले की आता उद्योग येथे येईल. रेल्वेने आणले थोडे आणि नेले फार. २००१ च्या शिरगणतीत या जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ भरली. सबंध महाराष्ट्र वाढत असता दहा वर्षांत आम्ही ऐंशी हजारांहून अधिक माणसांनी घटलो.

आणि ही घट शिक्षणाची सोय नसल्यामुळे झाली असेही नव्हे. येथे १९४५ पासूनचे महाविद्यालय आहे, ज्याला आज गोगटे जोगळेकर म्हणतात. १९९६ पासून फिनोलेक्स अकादमीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि १९९८ पासून देवरुखजवळ आंबव येथे राजेंद्र माने महाविद्यालय. संगणकाची पदवी घेऊन दरवर्षी मुले आणि मुली बाहेर पडतात. कलम आम्ही बांधावे, शिंपणे आम्ही करावे, आणि मोहोर धरला की झाडच मुळासकट हिंजवडीला न्यावे, असा हा प्रकार आहे. आंब्याचे निदान फळच वाशीला जाते.

मुलांनी जाऊ नये असे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. ज्याला जगाचे मोठे काम करावयाचे आहे त्याने जावे, आणि ज्ञातीने त्याचा सत्कार करावा. परंतु जे राहू इच्छितात त्यांच्यापुढे आमच्या संस्था काय ठेवतात ते पाहा. मध्यंतरी एका संस्थेची जाहिरात आमच्या वाचनात आली. पदवी पाहिजे, तीन वर्षांचा अनुभव पाहिजे, यंत्रांची दुरुस्ती, हिशेबाची प्रणाली, संकेतस्थळ आणि सुरक्षा हे सर्व आले पाहिजे. नेमणूक अकरा महिन्यांची, आणि वेतन सांगावयास लाज वाटावी असे. ज्याला एवढे सगळे येते तो या वेतनावर का येईल, आणि जो येईल त्याला तीन वर्षांचा अनुभव कोणी द्यावयाचा होता? प्रत्येक संस्थेला दुसऱ्या कोणीतरी तयार केलेला मनुष्य हवा आहे. सगळेच आयते मागू लागले की टंचाई होणारच.

आपल्या घरांत असे कधी नव्हते. बारा-तेरा वर्षांचा पोर मेस्त्रीच्या हाताखाली येई. प्रथम त्याने पटाशीला धार लावावयाची, करवतीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहावयाचे, भुसा लोटावयाचा. मग गुण्या लावून काटकोन पाहावयास शिकावयाचे. फणसाच्या फळीची नस कोठे फिरते हे त्याला कोणी पाठ म्हणून शिकवीत नसे. एक-दोन फळ्या चिरफाळल्यावर ते त्याच्या बोटांना कळे. फळी वाया जाई ती मेस्त्रीच्या खर्चाने. चौथ्या-पाचव्या वर्षी त्याच्या हाती स्वतंत्र काम देत: देवघराची चौकट, नाहीतर पाळणा. त्या पद्धतीत दोषही होते, ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. मार होता, फुकट राबवणूक होती, आणि विद्या घराबाहेर जाऊ न देण्याचा कोतेपणा होता. हे तिन्ही टाकून द्यावे. परंतु काम करता करता, जाणत्याच्या डोळ्यांखाली, चुकण्याची मुभा ठेवून शिकविणे, हा जो त्यातील गाभा आहे, तो टाकून आपण नुकसान करून घेतले.

'उमेदवार' हा शब्द हल्ली निवडणुकीतच ऐकू येतो. आमच्या आजोबांच्या वेळी कचेरीत काम शिकत बसणाऱ्यास उमेदवार म्हणत. कायद्याने हा अर्थ जिवंत ठेवला आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम अजून चालू आहे. २०१४ च्या दुरुस्तीने त्याची दारे अधिक रुंद झाली. २०१९ च्या नियमांप्रमाणे ज्या आस्थापनेत तीस किंवा अधिक माणसे आहेत तिने शेकडा अडीच ते पंधरा या प्रमाणात शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, आणि चार माणसांची लहानशी संस्थाही इच्छा असल्यास घेऊ शकते. २०१६ च्या राष्ट्रीय योजनेप्रमाणे उमेदवाराच्या विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना दीड हजार रुपयांच्या मर्यादेत, केंद्र सरकार सोसते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून एक वर्षाचा 'कोपा' हा संगणकाचा अभ्यासक्रम केलेली मुले यासाठी उत्तम. या सवलतीविषयी आम्ही आमच्या परिचयाच्या चालकांना विचारले तेव्हा बहुतेकांनी ती ऐकलीही नव्हती. राज्य सरकारने २०२४ साली काढलेली युवा कार्य प्रशिक्षण योजना मात्र सर्वांना ठाऊक होती, कारण तीत विद्यावेतन सगळेच सरकार देते. त्या योजनेतून आलेल्या पदवीधर मुलीला सहा महिने छायाप्रती काढावयास बसविलेले आम्ही पाहिले आहे. यात मुलीचे शिकणे झाले नाही आणि संस्थेचेही काही भागले नाही.

आयता मनुष्य न मिळाला तर तो घडवावा लागतो, हे मोठमोठ्या संस्थांनीही ओळखले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशातला आरंभीचा संगणक बांधला गेला आणि १९६० साली चालू झाला. तो बांधणाऱ्या तरुणांपैकी, त्यांचे प्रमुख नरसिंहन यांचा अपवाद सोडता, कोणी त्यापूर्वी संगणक हाताळलेला नव्हता. पुण्याच्या 'सी-डॅक' ने १९९१ साली 'परम' हा महासंगणक सिद्ध केला, आणि १९९३ मध्ये माणसांची उणीव भरून काढण्यासाठी स्वतःची प्रशिक्षणशाळाच काढली. परदेशात जर्मनीने १९९७ साली संगणकाच्या कामांचा समावेश आपल्या जुन्या उमेदवारीच्या पद्धतीत केला. तेथे मुलगा आठवड्याचे काही दिवस शाळेत आणि उरलेले कचेरीत घालवितो. आमच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण तमिळनाडूतील झोहो कंपनीचे आहे. तिने २००५ पासून बारावी झालेल्या मुलांना, पदवीची अट न घालता, विद्यावेतन देऊन आपल्याच घरी शिकविण्यास आरंभ केला, आणि पुढे २०११ साली तेनकाशीसारख्या आडगावाजवळ कचेरी उघडली. तेनकाशी आमच्या लांज्याहून फारसे निराळे नसावे.

यावर ठरलेला आक्षेप येतो: "आम्ही शिकवावे आणि त्याने निघून जावे?" काही संस्था यावर उपाय म्हणून मुलांकडून हमीपत्र लिहून घेतात, मूळ प्रमाणपत्रे कपाटात अडकवून ठेवतात. हा प्रकार आम्हांला सावकारीसारखा वाटतो, आणि त्याने माणूस राहतो पण मन राहत नाही. शिकविलेल्यांपैकी काही जाणार, हे धरूनच चालावे. मेस्त्रीच्या हाताखालून गेलेले गडी मुंबईला गेलेच की. म्हणून कोणी पोर घ्यावयाचे थांबविले नाही. ज्या कामाला एक लागतो तेथे दोन तयार करावे. परवलीचे शब्द आणि कामाची रीत एका वहीत लिहून ती मोहोरबंद करून तिजोरीत ठेवावी. दुसरी प्रत नुसती काढू नये, तर दर तीन महिन्यांनी ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी. हे करावयास विलायती विद्या लागत नाही.

आणखी एका गोष्टीकडे आपले, विशेषतः भगिनींचे, लक्ष वेधावयाचे आहे. २०११ च्या शिरगणतीत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. पुरुष बाहेर गेले, स्त्रिया राहिल्या, एवढाच याचा अर्थ. या राहिलेल्या स्त्रियांत संगणकशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या मुली आणि सुना आहेत. आमच्या माहितीतल्या एका घरात अशी सून नऊ वर्षे पोळपाट-लाटण्यापलीकडे गेलेली नाही. आणि त्याच आळीतील शाळा संगणकाचा मनुष्य मिळत नाही म्हणून कळवळते आहे. दोघांमध्ये एका कुंपणाचे अंतर! संस्थेने अकरा ते पाच या वेळेचा हट्ट सोडून चार तासांचे काम देऊ केले, आणि मागे पडलेले ज्ञान ताजे करावयास तीन-चार महिने दिले, तर ही टंचाई निदान निम्मी तरी हटेल. वृद्ध आई-वडिलांसाठी पंचेचाळिशीनंतर शहर सोडून परत येणाऱ्यांचीही संख्या लहान नाही. त्यांच्यापाशी वीस वर्षांचे कसब असते, आणि गावी आल्यावर ते बागेला कुंपण घालीत बसतात. उमेदवारांना मेस्त्री हवा असेल तर तो हाच.

तेव्हा आमची सूचना अशी आहे. एकेका लहान संस्थेला पूर्ण वेळचा जाणता मनुष्य परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आपल्या ज्ञातीतील मंडळी ज्यांच्या चालकमंडळावर आहेत अशा पतपेढ्या, शाळा आणि एखादे रुग्णालय मिळून पाच संस्थांनी एक अनुभवी मनुष्य सामाईक ठेवावा. त्याला हुद्दा द्यावा, कायम करावे आणि शहरच्या निम्म्याने तरी पगार द्यावा. पाचांत वाटला की तो जड जाणार नाही. प्रत्येक संस्थेने त्याच्या हाताखाली एक शिकाऊ उमेदवार दोन वर्षांसाठी द्यावा. उमेदवार निवडताना ज्ञात पाहू नये. विद्या घरात कोंडून ठेवण्याचा आपला जुना दोष येथे पुन्हा शिरू देण्यास आमचा स्पष्ट विरोध आहे. ज्ञातिसंघाने आपल्या शिष्यवृत्तीनिधीतून पहिल्या वर्षाच्या विद्यावेतनातील तूट भरावी. पदवीच्या पुस्तकांसाठी जी मदत आपण देतो, तितकीच ही योग्य आहे.

चालकमंडळींनीही थोडे शिकावे, ही मागणी काहींना आवडणार नाही. ज्याला गुण्या लावता येत नाही त्याने सुताराचे काम तपासू नये, असे आमचे वडील म्हणत. संचालकांपैकी किमान एकाने दुसरी प्रत म्हणजे काय, ती कोठे आहे आणि शेवटची केव्हा उघडून पाहिली, एवढे तरी विचारावयास शिकावे. मासिक सभेत हा प्रश्न चहाच्या आधी यावा.

उद्या सकाळच्या खुल्या सभेत या आशयाचा ठराव आम्ही मांडणार आहोत. तीन संस्थांच्या चिटणिसांनी सहभागी होण्याची तयारी तोंडी कळविली आहे. आणखी दोन हव्या आहेत. ज्यांची तयारी असेल त्यांनी आज रात्रीच्या भोजनापूर्वी आपल्या संस्थेचे नाव, सध्या यंत्रे किती, त्यांची देखभाल कोण करतो आणि त्याला वेतन काय मिळते, हे एका चिठ्ठीवर लिहून संघाच्या चिटणिसांकडे द्यावे. वेतनाचा आकडा खरा लिहावा. ज्या घरी संगणकाची पदवी घेतलेली मुलगी किंवा सून असेल, अशा घरांच्या यादीसाठी महिला मंडळाने मंडपाच्या दाराशी वही ठेवली आहे. तीत नाव त्या मुलीने स्वतः घालावे, तिच्या सासऱ्याने घालू नये.